जनुकात बिघाड, जेवणात उतारा

मुडदूस झालेली दोन मुले शेजारीशेजारी उभी केली, तर नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यात फरक सांगता येत नाही. दोघांचेही पाय बाकदार, मनगटे जाड, बरगड्यांच्या टोकांवर गाठींची ओळ, उंची वयाच्या मानाने कमी. एकाला ड जीवनसत्त्वाचे थेंब सुरू केले की काही महिन्यांत हाडे भरू लागतात. दुसऱ्याला तेच थेंब तितकेच दिवस दिले, तरी हाडे होती तशीच राहतात. पहिल्याच्या वाट्याला ऊन आणि पोषण कमी आले होते. दुसऱ्याच्या जनुकातच बिघाड होता.

ही दोन मुले वेगळी ओळखायची आणि दोघांनाही उभे करायचे, ह्या कामात कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातले बालरोगतज्ज्ञ चार्ल्स स्क्रायव्हर (१९३०–२०२३) यांनी हयात घालवली. आनुवंशिक आजार म्हणजे नशिबाचा भाग, त्याला डॉक्टर काय करणार, असे त्या काळी सर्रास म्हटले जाई, आजही म्हटले जाते. स्क्रायव्हर यांच्या सहा दशकांच्या कामाने दाखवले की जनुकातला बिघाड तसाच राहिला तरी त्यातून उद्भवणारा आजार पुष्कळदा टाळता येतो. त्यासाठी लागणारे साधन कित्येकदा स्वयंपाकघरात, दुधाच्या बाटलीत, नाहीतर सरकारी नियमात सापडते.

दोन वाटा

विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकशास्त्रात दोन विचार जवळजवळ एकाच वेळी जन्माला आले. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्ये अल्काप्टोन्युरिया नावाच्या आजारावर लिहिले. ह्या आजारात लघवीला हवा लागली की ती काळी पडते, म्हणून बाळाचे लंगोटच पहिल्यांदा आजार सांगतात. अशा मुलांचे आईवडील बऱ्याचदा एकमेकांची आते, मामे, चुलत किंवा मावस भावंडे असतात, हे गॅरॉड यांनी हेरले. अन्नाचे शरीरात रूपांतर होताना रासायनिक प्रक्रियांची एक रांग लागते. त्यातली एखादी प्रक्रिया घडवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतः निकामी असेल तर मागचे रसायन साचते आणि पुढचे तयार होत नाही. जन्मजात चयापचय दोषांची कल्पना ती हीच.

दुसरा विचार जीवनसत्त्वांचा. बेरीबेरी, स्कर्व्ही, पेलाग्रा, मुडदूस हे आजार अन्नातल्या काही सूक्ष्म घटकांच्या अभावाने होतात, असे १९१२ मध्ये कासिमिर फंक यांनी मांडले आणि त्या घटकांना व्हिटामिन हे नाव दिले.

पुढची कित्येक वर्षे ह्या दोन वाटा वेगळ्याच राहिल्या. एका बाजूचे संशोधक शरीरात दोष शोधत, दुसऱ्या बाजूचे ताटात. पण जीवनसत्त्व पोटात गेले म्हणजे काम झाले, असे नसते. ते आतड्यातून शोषले जावे लागते, रक्तातून योग्य जागी पोचावे लागते, बहुतेकदा त्याचे रूप बदलावे लागते आणि अखेर एखाद्या विकराला जोडले जाऊन कामाला लागावे लागते. ह्यातली प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या जनुकाच्या आज्ञेने चालते. म्हणून एकच लक्षण अन्नातल्या कमतरतेनेही दिसू शकते आणि जनुकाच्या दोषानेही. स्क्रायव्हर यांनी आपले काम नेमके ह्या सांध्यावर मांडले.

आईचा वारसा, लंडनची प्रयोगशाळा

त्यांच्या घरात वैद्यक होतेच. आई जेसी बॉयड स्क्रायव्हर मॅकगिल विद्यापीठातून १९२२ मध्ये डॉक्टर झालेल्या पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक, आणि पुढे नामवंत बालरोगतज्ज्ञ. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्याच्या आकाराच्या होतात, हे दाखवणारा त्यांचा आणि टी. आर. वॉ यांचा निबंध १९३० चा. त्याच वर्षी चार्ल्स यांचा जन्म झाला. वडीलही डॉक्टर होते. चार्ल्स यांनी १९५५ मध्ये मॅकगिलमधूनच पदवी घेतली, काही काळ बोस्टनला काम केले आणि मग लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये चार्ल्स डेंट यांच्याकडे शिकायला गेले.

डेंट यांनी कागदावरच्या क्रोमॅटोग्राफीचे तंत्र रुग्णालयात आणले होते. गाळणकागदावर लघवीचा थेंब ठेवायचा, द्रावक वर चढू द्यायचा आणि रंग देणारे रसायन फवारायचे, की लघवीतली अमिनो आम्ले ठिपक्यांच्या रूपाने कागदावर उमटतात. कुठला ठिपका नेहमीपेक्षा गडद आहे, कुठला असायलाच नको, हे पाहून शरीरातल्या गोंधळाचा माग लागतो. ह्याच तंत्राने स्क्रायव्हर यांनी प्रोलीन ह्या अमिनो आम्लाच्या एका आनुवंशिक विकाराचा अभ्यास केला. मूत्रपिंडात काही अमिनो आम्ले परत शोषून घेणारी सामायिक यंत्रणा असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मॉन्ट्रियलला परतल्यावर त्यांनी तिथल्या मुलांच्या रुग्णालयात जैवरासायनिक आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभारली.

१९६० मध्ये त्यांनी एका वेगळ्या प्रकारच्या आकडीवर निबंध लिहिला. काही नवजात बाळांना एकामागून एक झटके येतात, नेहमीची औषधे लागू पडत नाहीत, पण बी-६ जीवनसत्त्व टोचले की झटके थांबतात. ह्या बाळांच्या आहारात बी-६ कमी नसते. त्यांच्या शरीराची गरजच इतरांच्या शंभर पटींहून अधिक असते आणि औषध बंद केले की झटके परत येतात. पुरवठा कमी पडणे वेगळे आणि जन्मभर जास्त पुरवठ्यावर अवलंबून असणे वेगळे, हा भेद स्क्रायव्हर यांनी ठळक केला. ह्या आजाराचे मुख्य जनुक २००६ मध्ये हाती लागले. त्या जनुकाच्या दोषामुळे साचणारे एक रसायन बी-६ च्या कार्यक्षम रूपाला चिकटून ते निकामी करते, असे कळले. पण कारण सापडण्याच्या अर्धशतक आधीपासून मुले जीवनसत्त्वाच्या बळावर वाचत होती.

त्याहून बोलका आहे हार्टनप नावाचा विकार. ह्यात उन्हाने कातडी भाजल्यासारखी होते, तोल जातो, म्हणजे थेट पेलाग्राची लक्षणे दिसतात. पेलाग्रा होतो नायासिन ह्या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या अभावाने. मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा तो आजार म्हणून जगाला माहीत होता. दख्खनमध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या मजुरांतही तो आढळतो, हे हैदराबादेत डॉ. सी. गोपालन यांनी नोंदवले होते. ट्रिप्टोफॅन ह्या अमिनो आम्लापासून आपले शरीर थोडे नायासिन स्वतः बनवते. हार्टनप विकारात ट्रिप्टोफॅन आतड्यात नीट शोषले जात नाही आणि मूत्रपिंडातून निसटते. पुढे मॉन्ट्रियल ज्यात आहे त्या क्विबेक प्रांतात नवजात बाळांची लघवी तपासायला सुरुवात झाली, तेव्हा हा दोष असलेली कितीतरी मुले ठणठणीत असल्याचे दिसले. आहारात प्रथिने पुरेशी असली तर दोष असूनही आजार होत नाही. जनुक एक, पण आजार व्हायला दुसरी परिस्थितीही जुळून यावी लागते, हे स्क्रायव्हर यांनी ह्या मुलांवरून मांडले.

दुधातले ड जीवनसत्त्व

आता मुडदुसाकडे येऊ. १९६० च्या दशकात स्क्रायव्हर आणि त्यांचे सहकारी मॉन्ट्रियलच्या रुग्णालयात मुडदुसाची मुले पाहत होते. ड जीवनसत्त्वाचा शोध लागून चाळीस वर्षे झाली होती, मुडदूस कसा टाळायचा हे पाठ्यपुस्तकात होते, आणि तरीही एका श्रीमंत देशातल्या मोठ्या शहरात मुलांचे पाय वाकत होते. क्विबेकच्या लांब हिवाळ्यात सूर्यकिरण इतके तिरपे येतात की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. भरीस भर म्हणजे तिथल्या दुधात ते मिसळलेले नसे. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात बाळांच्या खाण्यात ड जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला आणि काहींच्या रक्तात कॅल्शियम धोकादायकरीत्या वाढले अशी शंका आल्यापासून सगळीकडे हात आखडता घेतला जात होता.

प्रत्येक आईला थेंब लिहून देणे हा एक मार्ग होता. पण जी आई दवाखान्यात येते तिलाच ते मिळतात. स्क्रायव्हर यांनी सरकार आणि दुग्धव्यवसायाकडे आग्रह धरला की दुधातच ठराविक, मापून दिलेले ड जीवनसत्त्व घाला. ते घातले गेले आणि क्विबेकमधला पोषणाअभावीचा मुडदूस जवळजवळ नाहीसा झाला.

उरली ती दुसरी मुले, ज्यांच्यावर दुधाचा परिणाम होत नव्हता. त्यांच्या मुडदुसाचेही दोन प्रकार निघाले. पहिल्या प्रकारात रक्तातले फॉस्फेट कायम कमी असते, कारण मूत्रपिंड ते लघवीवाटे सोडून देते. ड जीवनसत्त्व कितीही दिले तरी फुटक्या घागरीत पाणी ओतल्यासारखे होते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. म्हणून आजारी बाप तो आपल्या सगळ्या मुलींना देतो, एकाही मुलग्याला देत नाही. स्क्रायव्हर आणि फ्रान्सिस ग्लोरिओ यांनी १९७२ मध्ये ह्या मूत्रपिंडातल्या गळतीचे स्वरूप उलगडले. त्याच वर्षी त्यांनी दाखवले की दिवसातून अनेकदा तोंडाने फॉस्फेट आणि सोबत ड जीवनसत्त्व दिले तर मुलांचे खुजेपण रोखता येते. १९७६ मध्ये असाच दोष असलेल्या उंदरांचे वर्णन करणाऱ्या चमूतही ते होते, आणि त्यामुळे उपचार आधी प्राण्यांवर तपासण्याची सोय झाली. जबाबदार जनुक १९९५ मध्ये सापडले. आता फॉस्फेट वाहून घालवणाऱ्या संप्रेरकालाच अडवणारे इंजेक्शनही मिळते.

दुसऱ्या प्रकारात ड जीवनसत्त्वाचे अखेरचे रूपांतर अडते. कातडीत तयार झालेले किंवा अन्नातून आलेले ड जीवनसत्त्व आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलते, तेव्हाच ते काम करू लागते. ह्या मुलांत मूत्रपिंडातली पायरी बंद असते. टोरोंटोच्या डोनाल्ड फ्रेझर यांच्या गटाने १९७३ मध्ये ते सिद्ध केले. अशा मुलाला साधे ड जीवनसत्त्व प्रचंड मात्रेत लागते, पण शेवटचे तयार रूप दिले तर अगदी सूक्ष्म मात्रा पुरते.

ह्यातून स्क्रायव्हर यांनी एक विलक्षण निष्कर्ष काढला. दुधात ड जीवनसत्त्व आले, पोषणाचा मुडदूस गेला. मग मागे उरलेल्या मुडदुसापैकी बहुतेक आनुवंशिक ठरला. लोकांची जनुके बदलली नव्हती, तरी त्याच आजाराची आनुवंशिकता वाढली, कारण परिस्थिती बदलली. एखाद्या आजारात आनुवंशिकतेचा वाटा किती, हा आकडा माणसाच्या शरीरात कायमचा कोरलेला नसतो. समाज लोकांना काय खायला देतो ह्यावर तो ठरतो. बुद्धी, मधुमेह, रक्तदाब असा कुठलाही विषय निघाला आणि ‘किती टक्के जनुकांमुळे’ असे कुणी विचारले की हे आठवावे.

एका थेंबाची व्यवस्था

फेनिलकीटोन्युरिया, थोडक्यात पीकेयू, हा ह्या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला आजार. नॉर्वेच्या आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी तो १९३४ मध्ये ओळखला. प्रथिनांतले फेनिलअॅलनीन हे अमिनो आम्ल यकृतात बदलायला हवे, ते न बदलता साचते आणि वाढत्या मेंदूचे नुकसान करते. १९५३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये होर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी एका मुलीला फेनिलअॅलनीन कमी असलेला आहार दिला आणि तिची स्थिती सुधारली. १९६३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या, कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबावर करायची स्वस्त चाचणी जाहीर केली. जन्मल्याबरोबर आहार बदलला तर मूल शहाणेसुरते वाढते.

चाचणी आली तरी व्यवस्था हवी होती. थेंब गोळा कोण करणार, अहवाल कळवणार कोण, महागडे पथ्याचे अन्न कुठून आणायचे, आईला शिजवायला शिकवणार कोण? क्विबेकमध्ये १९७० च्या सुमारास ह्यासाठी आनुवंशिक वैद्यकाचे प्रांतव्यापी जाळे उभे राहिले. तपासणी, निदान, सल्ला, आहार, संशोधन सारे एका धाग्यात आले. स्क्रायव्हर त्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक. कॅरोल क्लो आणि टेरी रीड ह्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी १९७१ मध्ये मांडलेला अनुभव आजही वाचण्यासारखा आहे. ह्या मुलांचा सांभाळ रुग्णालयात ठेवून करण्यापेक्षा घरी केलेला बरा, आणि तो डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्या उत्तम करतात.

त्याच जाळ्याने टायरोसिनेमिया हा यकृत निकामी करणारा आजार शोधायला सुरुवात केली. क्विबेकमधल्या सॅगने आणि लाक-सँ-जाँ ह्या भागात तो फार. १८३८ नंतर मूठभर कुटुंबे तिथे जाऊन वसली, त्यांचाच वंश वाढला आणि त्यांच्यासोबत आलेली सदोष जनुकेही पसरली. ह्या आजाराचा आणि वर सांगितलेल्या दुसऱ्या मुडदुसाचा, दोन्हींचा वाहक तिथे साधारण वीस-पंचवीस माणसांमागे एक सापडतो. टायरोसिनेमियावर १९९२ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी औषध दिले ते मुळात तणनाशक म्हणून शोधलेले रसायन. विषारी पदार्थ तयार होण्याच्या आधीच ते प्रक्रिया थांबवते. पूर्वी दगावणारी मुले आता पथ्यपाणी आणि गोळीवर मोठी होतात.

ज्या आजारांना उतारा नव्हता, तिथे स्क्रायव्हर यांनी माहितीचा आधार घेतला. मॉन्ट्रियलच्या ज्यू समाजात टे-सॅक्स हा मेंदूचा जीवघेणा आजार, भूमध्य सागराकाठून आलेल्या कुटुंबांत थॅलेसेमिया. १९७० च्या दशकापासून तिथल्या माध्यमिक शाळांतल्या मुलामुलींना आधी विषय समजावला गेला, मग ज्यांची इच्छा त्यांनी चाचणी करून घेतली. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे शिक्षणाचे मध्यवर्ती सूत्र होते. वाहक जोडप्यांना गर्भावस्थेतल्या निदानाची सोयही मिळाली. वीस वर्षांनंतरच्या आढाव्यात दोन्ही आजारांचे प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांनी घटलेले दिसले. सक्ती नव्हती, तरी लोक सहभागी झाले.

आपल्याकडे

महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. आपल्याकडे ऊन मुबलक, तरी ड जीवनसत्त्वाची कमतरता शहरांत आणि खेड्यांत दिसते. सावळ्या कातडीला जास्त ऊन लागते, आणि शहरी आयुष्य सावलीत जाते. दुधात अ आणि ड जीवनसत्त्व घालण्याचे मानक देशात आहे, अशा पिशवीवर ‘+एफ’ ही खूण असते, पण ते घालणे ऐच्छिक आहे.

बी-१२ चा प्रश्न तर थेट आपल्या दारातला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी आढळले. मिथाइलमॅलोनिक आम्ल रक्तात साचण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, आणि त्याच्या काही रुग्णांना बी-१२ च्या मोठ्या मात्रेने उतार पडतो हे अमेरिकेत लिऑन रोझेनबर्ग यांनी १९६८ मध्ये दाखवले. आईत बी-१२ कमी असेल तर नवजात बाळाच्या रक्ततपासणीत अगदी तशीच खूण उमटू शकते. समोरचे बाळ जन्मजात दोषाचे की आईच्या पोषणाच्या अभावाचे, हे ओळखणे म्हणजे स्क्रायव्हर यांचा मुडदुसाचा प्रश्न मराठी घरात पुन्हा उभा राहणे. म्हणून अशा वेळी आईचेही बी-१२ तपासायला हवे.

गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात बाळांच्या चयापचय दोषांची तपासणी सुरू केली, तेव्हा देशात असे पाऊल अपूर्व होते. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. तपासणीचा निकाल हातात आल्यावर लग्न मोडणे, मुलीला दोष देणे, घराण्याला बट्टा लागला म्हणणे असे घडले तर मोहीम फसेल. आधी शिकवा, मग विचारा, मग तपासा, हा मॉन्ट्रियलच्या शाळांचा क्रम इथे उपयोगी पडण्यासारखा आहे. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक जुळवण्याची रीत जिथे आहे, तिथे ह्या शिक्षणाची गरज अधिकच.

स्क्रायव्हर यांना कॅनडाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. चयापचयाच्या आनुवंशिक आजारांवरच्या जगन्मान्य ग्रंथाचे ते मुख्य संपादक होते. पीकेयूच्या जनुकात शेकडो वेगवेगळे बदल असतात, आणि तोच बदल असलेल्या दोन मुलांची प्रकृतीही सारखी नसते, हे त्यांनी उतारवयात पुन्हापुन्हा सांगितले. एका जनुकाचा आजारही साधा नसतो.

आपल्या घरात आकडी, वाढ खुंटणे, वारंवार ओकाऱ्या, विचित्र वासाची लघवी अशी काही लक्षणे बाळात दिसली, किंवा आधीचे भावंड कारण न कळता दगावले असेल, तर चयापचयाची तपासणी करून घेण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. मुंबईचे केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय केंद्रांपैकी एक आहे. आणि नवजात बाळाच्या टाचेतल्या थेंबाची तपासणी, पथ्याचे अन्न, दुधातले जीवनसत्त्व ह्या गोष्टी ऐपत असलेल्या कुटुंबांपुरत्या उरू नयेत, ही मागणी नागरिक म्हणून आपण लावून धरायला हवी. जनुके बदलणे आजही बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, पण बाळाला काय खायला मिळते आणि त्याची तपासणी कधी होते, हे ठरवणे सर्वस्वी आपल्या हातात आहे.